पायाखालचा आवाज

गिटार हातानं वाजवतात, हे सांगायला कुणी जाणकार लागत नाही. पण विजेवरची गिटार वाजवणाऱ्या कलावंताच्या पायांकडे तुमचं कधी लक्ष गेलंय का? बूट-चपलांच्या आसपास लहान-मोठ्या चपट्या पेट्या मांडलेल्या असतात, त्यांतून काळ्या वायरी सापासारख्या इकडून तिकडे गेलेल्या असतात. त्यांतली एक पेटी इतरांहून वेगळी दिसते. तिच्यावर तळपायाएवढी पट्टी असते आणि ती जुन्या शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखी पुढे-मागे झुलते. चवड्यानं दाबली की आवाज चढतो, टाचेनं दाबली की उतरतो. हिचं नाव व्हॉल्यूम पेडल. काम एवढंच, आवाज कमी-जास्त करणं. आता त्यासाठी गिटारवर एक बटण असतंच, मग ही पायाची यातायात कशाला, असं कुणालाही वाटेल. या साध्या प्रश्नामागे तीनशे वर्षांची गोष्ट आहे.

ती सुरू होते चर्चमधल्या ऑर्गनपासून. ऑर्गन म्हणजे शिट्ट्यांसारख्या नळ्यांचं अवाढव्य वाद्य. नळीत हवा भरली की ती बोलते. पण तिचा आवाज ठरलेला. तुम्ही पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, नळीला त्याचा पत्ता लागत नाही. हवा जास्त रेटली तर आवाज वाढण्याआधी सूरच बिघडतो. माणसाचा गळा मात्र एकाच सुरावर लहान-मोठा होतो, आणि भावना नेमकी त्या लहान-मोठं होण्यात असते. मग या राक्षसाला माणसासारखं बोलायला शिकवायचं कसं? लंडनमध्ये 1712 साली अब्राहम जॉर्डन या कारागिरानं थेम्स नदीकाठच्या सेंट मॅग्नस चर्चच्या ऑर्गनमध्ये एक युक्ती केली. काही नळ्या त्यानं लाकडी कपाटात बंद केल्या आणि कपाटाला सरकतं दार लावलं. ते दार उघडायची-मिटायची सोय वादकाच्या पायापाशी. नळी तेवढ्याच जोरानं बोलत राही, पण दार उघडत गेलं की आवाज फुगत जाई, मिटत गेलं की विरत जाई. पुढे 1769 मध्ये लंडनमध्येच स्थायिक झालेल्या बर्काट शुडी या स्विस कारागिरानं हार्प्सिकॉर्ड या तारवाद्यासाठी खिडकीच्या झिलमिलीसारख्या फळ्यांची रचना करून तिचं पेटंट घेतलं. त्याही फळ्या पायानंच उघडायच्या.

हात सुरांत गुंतलेले, म्हणून आवाजाची जबाबदारी पायावर आली. सगळ्या कहाणीचं सूत्र हेच आहे.

हे सूत्र आपल्याकडेही पोहोचलं होतं, फक्त आपण त्याकडे त्या नजरेनं पाहिलं नाही. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं 1842 साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती हार्मोनियम पायानं भाता मारून वाजवायची. तिच्यात एक खटका असे. तो ओढला की भात्यातली हवा मधल्या साठ्यात न जाता थेट पत्तीवर जाई. मग पायाचा प्रत्येक दाब सुरात ऐकू येई. पाय हलका तर सूर हलका, पाय भरीव तर सूर भरीव. आपल्या पायपेटीची ही थोरली बहीण. मराठी संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात नटाला साथ करणारा ऑर्गनही पायानंच चाले. तशा अनेक ऑर्गनना गुडघ्याजवळ लाकडाची एक पट्टी असे. ती गुडघ्यानं बाजूला रेटली की आतलं झाकण उघडे आणि आवाज भरून येई. गायक नट तान घेऊन समेवर येताना साथीचा सूर कसा अलगद उचलला जाई, याचं कौतुक जुने रसिक करत. ते कौतुक अर्धं त्या वादकाच्या बोटांचं असेल, पण अर्धं त्याच्या पायांचं आणि गुडघ्याचंही होतं.

आता गिटारकडे येऊ. विजेवरच्या गिटारचं नाव घेतलं की डोळ्यांपुढे लांब केसांचा, उभा राहून वाजवणारा तरुण येतो. पण बाजारात यशस्वीपणे आलेली पहिली विजेरी गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. हवाई बेटांमधल्या ओआहूवर, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, जोसेफ केकुकू या शाळकरी पोरानं तारांवर लोखंडाचा तुकडा घसरवून सूर काढण्याची रीत बसवली, असं मानलं जातं. 1915 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात हवाईचं संगीत अमेरिकेनं ऐकलं आणि देशभर त्याचं वेड लागलं. पण गिटारचा आवाज मुळातच नाजूक. मोठ्या वाद्यवृंदात तो बुडून जाई. म्हणून जॉर्ज बोशाँ यांनी तारेखाली लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं बसवून तिची थरथर विजेत उतरवली. 1932 च्या सुमारास रिकनबॅकर यांच्या साथीनं लॉस एंजेलिसमध्ये तयार झालेलं हे ॲल्युमिनियमचं वाद्य दिसायला हुबेहूब दांडीच्या तव्यासारखं होतं. लोक त्याला ‘फ्राइंग पॅन’च म्हणू लागले. त्याचं पेटंट मिळायला मात्र 1937 साल उजाडलं.

इथे एक मोठी गोष्ट घडली. आजवर तार छेडणं आणि आवाज मोठा होणं या दोन क्रिया एकच होत्या. विजेनं त्यांची फारकत केली. तार बोटाखाली, आवाज दूर कर्ण्यात, आणि दोघांच्या मधे एक वायर. मग त्या वायरीत कुणी दार बसवलं तर? जॉर्डनच्या कपाटाचं दार! हवाई गिटार वाजवणाऱ्याच्या डाव्या हातात लोखंडी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या. बटण फिरवायला करंगळी तेवढी मोकळी. पाय मात्र दोन्ही रिकामे. 1935 साली आलेल्या हॅमंडच्या विजेरी ऑर्गनमध्ये आवाजासाठी पायपट्टी होतीच. गिटारवाल्यांनीही तीच वाट धरली. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली रो इंडस्ट्रीज ही कंपनी डीआर्मंड या नावानं जी पेडलं बनवू लागली, ती पुढे घराघरांत गेली. त्यांतलं एक तर असं होतं की पट्टी वर-खाली केली की आवाज बदले आणि डावी-उजवीकडे फिरवली की आवाजाचा पोत.

या पेडलचं खरं घर म्हणजे पेडल स्टील गिटार, अमेरिकेच्या कंट्री संगीतातलं ते रडवेलं वाद्य. त्यातली सूर ओढणारी पेडलं वेगळी आणि आवाजाचं पेडल वेगळं. 1954 मध्ये वेब पीअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सनी वाजता सूर पायानं ओढला आणि त्या वाद्याची भाषाच बदलली. तेव्हापासून डावा पाय सुरांच्या पेडलवर आणि उजवा आवाजाच्या पेडलवर, अशी विभागणी झाली. उजवा पाय नेमकं काय करतो, ते ऐकण्यासारखं आहे. तार छेडली की तिचा आवाज क्षणात मोठा होतो आणि लगेच मरायला लागतो. वादक छेडताना पेडल अर्धं मिटलेलं ठेवतो. तार जसजशी थकते, तसतसा तो पाय पुढे दाबत जातो. तार उतरतेय, पाय चढवतोय. ऐकणाऱ्याला वाटतं सूर जागच्या जागी उभा आहे. मरणाऱ्या आवाजाला पायानं दिलेला हा खांदा आहे.

मी पडलो कविता लिहिणारा माणूस. मला यात भाषा दिसते. मराठीत ‘स्वर’ हा शब्द गाण्यातल्या सुरालाही लागतो आणि अ, आ, इ, ई यांनाही. तार छेडल्यावर आधी जो ‘टण्’ असा ठोका येतो, ते व्यंजन. त्यामागून रेंगाळतो तो स्वर. सतार असो, सरोद असो की गिटार, छेडायच्या वाद्याला व्यंजनावाचून बोलताच येत नाही. सारंगीला येतं, कारण गज तारेवर अलगद टेकतो. पेडलवाला काय करतो? पाय पूर्ण मागे घेऊन, म्हणजे आवाज शून्यावर ठेवून, तार छेडतो. व्यंजन अंधारातच उमटून जातं. मग तो पाय पुढे नेतो आणि नुसता स्वर उजेडात येतो. गिटारची सारंगी होते. बीटल्सच्या 1965 मधल्या ‘आय नीड यू’ या गाण्यात असे उगवणारे सूर ऐकू येतात. डायर स्ट्रेट्सच्या 1985 मधल्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’मध्ये मार्क नॉफ्लरची गिटार धुक्यातून यावी तशी येते, तीही याच वाटेनं.

माझा भाचा कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवतो. बास म्हणजे जाड तारांची, खर्जातली गिटार. मागे एकदा तो म्हणाला, “मामू, व्हॉल्यूम पेडल घ्यायचंय. दुकानदार म्हणतो सगळी सारखीच, रंग बघून घ्या.” मी त्याला म्हटलं, “बेटा, कवितेतसुद्धा सगळे शब्द सारखे नसतात, ही तर वस्तू आहे. आधी तिच्या आत काय आहे ते पाहू.” मग आम्ही दोघांनी जाणत्यांना विचारून, पेडलं उघडून जे समजून घेतलं, ते थोडक्यात सांगतो. पेडल घ्यायचं नसलं तरी यातून कानाविषयी काही कळतं.

बहुतेक पेडलच्या पोटात रेडिओच्या बटणामागे असतो तसाच फिरता रोध असतो. त्याचं माप ओहममध्ये. बाजारात दोन मापं सर्रास मिळतात. एक अडीच लाख ओहमचं, दुसरं पंचवीस हजार ओहमचं. ज्या गिटारला किंवा बासला बॅटरी लागत नाही, तिच्या वेटोळ्यातून येणारा प्रवाह फार अशक्त असतो. तिला अडीच लाखाचं पेडल लावायचं. पंचवीस हजारांचं लावलं तर तिचा सगळा जीव त्या रोधातच झिरपून जातो, आवाज बसका आणि मंद होतो. ज्या बासमध्ये बॅटरीवर चालणारं सर्किट असतं, तिचा प्रवाह धट्टाकट्टा. तिला पंचवीस हजारांचं. भाच्याच्या बासमध्ये बॅटरी होती. निम्मा प्रश्न तिथेच सुटला. ऑर्गन किंवा कीबोर्डसाठी ‘एक्स्प्रेशन पेडल’ नावाची हुबेहूब दिसणारी वस्तू मिळते. तिच्यातून आवाज जातच नाही, ती यंत्राला फक्त इशारा देते. गिटारवाल्यानं चुकून ती उचलू नये.

दुसरी गोष्ट सूक्ष्म आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बॅटरी नसलेल्या गिटारला साधं पेडल लावलं आणि आवाज अर्ध्यावर आणला, तर नुसता आवाज कमी होत नाही, त्यातली चकाकीही जाते. पेडलमधला रोध आणि पुढच्या लांब वायरीत साठणारा विद्युतभार, हे दोघं मिळून वरचे, तीक्ष्ण स्वरांश गिळून टाकतात. म्हणजे हळू व्हायला सांगितलेली गिटार घोगरी होते. यावर उपाय आहे. पेडलच्या आधी ‘बफर’ नावाचं छोटं सर्किट बसवायचं. ते अशक्त प्रवाहाला आधार देतं, आणि मग पुढे पंचवीस हजारांचं पेडल चालतं. काही पेडलमध्ये हे सर्किट आतच असतं, त्यांना वीज लागते. वायरी शक्य तितक्या आखूड ठेवणं, हा बिनपैशाचा उपाय. काही पेडलना सूर जुळवायच्या यंत्रासाठी वेगळं छिद्र असतं. आवाज शून्यावर नेऊन श्रोत्यांना त्रास न देता सूर जुळवता येतात. सोय छान, पण बफर नसेल तर तिथे कायम जोडून ठेवलेलं यंत्रही थोडा आवाज खातं.

तिसरं, पायाची चाल. आपला कान हिशेबात मोठा विचित्र आहे. ध्वनीची ताकद दहापट केली तेव्हा कुठे कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून पेडलमधला रोध सरळ रेषेत वाढून भागत नाही. अर्ध्या चालीपर्यंत तो जेमतेम दहा-पंधरा टक्केच उघडावा लागतो आणि पुढे झपाट्यानं, तेव्हा कानाला चढ समान वाटतो. दुकानात पेडल पाहायचं तर आवाज किती मोठा होतो हे पाहू नये. तो शून्यापासून कसा उगवतो ते पाहावं. टाचेपासून अर्धं बोट पाय हलला आणि आवाज एकदम उसळला, तर त्या पेडलवर नाजूक काम होणार नाही.

चौथं, आतली यंत्रणा. डीआर्मंडच्या पेडलमध्ये दात्यांची पट्टी आणि चक्र असे. सत्तरच्या दशकात एर्नी बॉल या कॅलिफोर्नियातल्या तारांच्या व्यापाऱ्याच्या कंपनीनं काढलेल्या पेडलमध्ये एक दोरी रोधाच्या दांड्याभोवती गुंडाळलेली असते. चाल मऊ, पण दोरी कधीतरी झिजून तुटते. दाते दणकट, पण झिजले की खडखडतात. लॉस एंजेलिसच्या रेमंड आणि मार्विन लुबाव या भावांनी तिसरीच युक्ती काढली. आत एक दिवा, समोर उजेड ओळखणारा घटक, आणि मधे पायपट्टीला जोडलेला पडदा. पाय हलला की उजेड कमी-जास्त होतो आणि त्याबरोबर आवाजही. घासायला काही नाही, म्हणून झिजायलाही काही नाही. त्यांच्या पेडलचं नाव मॉर्ली. त्या काळी लेस्ली नावाचा फिरता कर्णा प्रसिद्ध होता. त्यातलं ‘लेस’ म्हणजे कमी, तर आमचं ‘मोअर’, अशी ती कोटी. अमेरिकन लोकांनाही शाब्दिक कोट्यांचा सोस असतो, हे कळून बरं वाटलं.

शेवटचं, पेडल ठेवायचं कुठे? गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणारं यंत्र असतं. त्याच्या आधी पेडल ठेवलं तर पाय मागे घेताना फाटकेपणा कमी होतो, आवाज निवळतो. त्याच्या नंतर ठेवलं तर आवाज तसाच फाटका राहून लहान होतो. प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राच्या आधी ठेवलं तर पाय मागे घेतल्यावरही प्रतिध्वनी दरीत घुमत राहतो. नंतर ठेवलं तर सगळं एकदम गप्प. चूक-बरोबर यात नाही. आधी काय म्हणायचंय ते ठरवायचं, मग जागा.

आपल्या देशाचा या गोष्टीशी संबंध फार जवळचा आहे. मूळचे सामोआचे ताऊ मो यांचं कुटुंब 1940 च्या दशकात कोलकात्यात मुक्कामाला होतं आणि हवाई गिटारचं बीज तिथे चांगलं रुजलं. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विजेरी गिटारला मानाचं स्थान मिळवून दिलं. सुनील गांगुलींच्या गिटारवरच्या गाण्यांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. ब्रिजभूषण काब्रांनी हेच वाद्य रागदारीत आणलं. 1967 मधली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी त्याची साक्ष आहे. आपल्या कानाला हे वाद्य परकं का वाटलं नाही? कारण लोखंडी कांडी तारेवरून घसरते तेव्हा मींड निघते, आणि मींड हा आपल्या गाण्याचा प्राण. गंमत पाहा, हार्मोनियमला मींड जमत नाही, हा तिच्यावरचा एक मोठा आरोप होता. 1940 साली ऑल इंडिया रेडिओनं तिला बंदी घातली आणि ती बंदी सैल व्हायला 1971 साल यावं लागलं. हार्मोनियमला श्वास होता, मींड नव्हती. हवाई गिटारला मींड होती, श्वास नव्हता. तो श्वास पुढे पायानं पुरवला.

आता विचाराल, एवढ्याशा पट्टीचं एवढं पुराण कशाला? कारण आवाज वाढवण्याची साधनं आपल्याकडे आता रग्गड झाली आहेत. लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, सभेत कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात आणि बटण एकदा टोकाला गेलं की रात्र संपेपर्यंत तिथेच राहतं. आमच्या-तुमच्या सगळ्यांच्याच उत्सवांचं हे वर्णन आहे, कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. ज्या कारागिरांनी तीनशे वर्षं हे दार घडवलं, त्यांना आवाज मोठा करायचा नव्हता. मोठा तो होताच. त्यांना तो लहान करता यायला हवा होता, आणि लहान होताना त्याचा चेहरा शाबूत राहायला हवा होता. भाच्याला मी हेच सांगितलं, की पेडलची परीक्षा पूर्ण दाबून करू नकोस. ते पाव उघडं ठेव आणि ऐक. तिथे तुझी बास पुटपुटत असेल तर ते परत कर. तिथेही ती स्पष्ट बोलत असेल तर घे.

हळू बोलणं आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटणं यांत फार मोठं अंतर आहे. हळू बोलणाऱ्याचा प्रत्येक शब्द ऐकू येतो, कारण ऐकणाराही आपोआप जवळ सरकतो. वाद्याची ती ताकद सगळ्यात आधी तिथे ओळखावी. माणसाचीही.